रिकामा खाना आणि शून्य

(वाणिज्य शाखेच्या शिक्षिका आणि संघटनेच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिला आहे 'वाणिज्य शाखेतल्या मुली आणि संगणक'. मी गेली बावीस वर्षं एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला शिकवते. अकौंटन्सी शिकवता शिकवता संगणकाचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलं, कारण ते घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तेव्हा मी काही संगणकतज्ज्ञ नाही. स्प्रेडशीट शिकवणारी हिशेबाची बाई आहे, आणि तेवढ्याच अनुभवावर बोलणार आहे.

समोर बसलेल्या काहीजणी वस्तीत, गटांमध्ये काम करणाऱ्या आहेत. त्यांच्यासाठी हे प्रकरण काय आहे ते आधी सांगते. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने आखलेला एक भलामोठा तक्ता. त्यातल्या एकेका खान्यात आकडा लिहायचा, शब्द लिहायचा, नाहीतर सूत्र लिहायचं. सूत्र म्हणजे 'वरच्या पाच खान्यांची बेरीज कर' असा हुकूम. खान्यात आपल्याला दिसते ती बेरीज. हुकूम मागे असतो. त्या खान्यावर जाऊन वरच्या पट्टीत बघितलं तरच तो वाचता येतो. माझं आजचं सगळं बोलणं या मागच्या हुकमाबद्दल आहे. मुलींना खाने भरायला आपण फार छान शिकवतो. हुकूम लिहायला, आणि दुसऱ्यानं लिहिलेला हुकूम उघडून वाचायला शिकवत नाही.

आमच्या लॅबमध्ये बोलायला वीस संगणक आहेत, चालू असतात चौदा-पंधरा. बॅच साठ जणांची. म्हणजे एका यंत्रासमोर चार जण. आता हे चार जण कसे बसतात ते बघा. माऊस असतो मुलाच्या हातात. शेजारी दुसरा मुलगा, तो सूचना देतो. मुली एक पुस्तकातून आकडे वाचून दाखवते आणि दुसरी जर्नलमध्ये उतरवून घेते. कुणी त्यांना असं बसवलेलं नसतं. तासाभरानंतर मुलींचं जर्नल अगदी स्वच्छ, समास आखलेलं, आणि मुलाला सूत्र कसं घालायचं ते आलेलं. परीक्षेत मार्क मुलींना जास्त, कारण परीक्षेत विचारतात 'स्प्रेडशीटचे उपयोग लिहा'. नोकरीला गेल्यावर मात्र मुलगी आकडे भरायला आणि मुलगा 'रिपोर्ट काढायला'.

मी घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायला लावल्या. त्यानं थोडं झालं, फार नाही. माऊस हातात आला तरी 'आता इथं क्लिक कर' हे शेजारचाच सांगायचा. मग मुलींची वेगळी बॅच केली. त्यावर आमच्याच स्टाफरूममध्ये दोन तट पडले. बाहेरच्या जगात काय वेगळी बॅच मिळणार आहे का, असं काहींचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पोहायला शिकताना कुणी एकदम पुराच्या पाण्यात उतरत नाही. पहिलं सत्र वेगळं, दुसरं एकत्र, असं आम्ही आता करतो आणि दुसऱ्या सत्रात मुली माऊस सोडत नाहीत.

आणखी एक गोष्ट टाईमटेबलची. प्रॅक्टिकलचे तास कायम शेवटी, चार ते सहा. खेड्यावरून येणाऱ्या मुलींची एसटी साडेपाचला. 'मुलींना कॉम्प्युटरमध्ये रस नाही' असा शेरा मी बैठकीत ऐकलेला आहे. रस नाही की बस नाही, ते कुणी विचारलं नव्हतं. तास सकाळी आणला, आणि हजेरीपटावर त्याच मुली दिसायला लागल्या.

आता शिकवायचं काय, हा खरा प्रश्न. आपल्याकडे स्प्रेडशीट शिकवतात ती टाईपरायटरसारखी. हा मेनू, हे बटण, अक्षर ठळक कसं करायचं, रकाना रुंद कसा करायचा. याचं मला नवल वाटतं, कारण ही वस्तू जन्माला आली तीच मुळी व्यापाराच्या वर्गात. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे खाने पुसून पुन्हा लिहावे लागायचे. हे आपोआप व्हायला पाहिजे, असं त्याला वाटलं. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्यानं 'व्हिसीकॅल्क' तयार केलं, ते १९७९ साली बाजारात आलं. पुढे १९८३ साली लोटस, १९८५ साली एक्सेल. म्हणजे या यंत्राचा मूळ प्रश्नच 'हे असं बदललं तर काय होईल?' हा आहे. व्याजाचा दर बदलला तर? मजुरी दहा रुपयांनी वाढली तर? आणि आपण तो प्रश्न काढून टाकून मुलींना नुसते आकडे टाईप करायला बसवतो.

म्हणून मी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली. 'अबक कंपनीचा नफा' असल्या उदाहरणात मुलींना काडीचाही रस नसतो, आणि का असावा? मी कर्ज घेतलं. कर्ज सगळ्यांच्या घरात असतं.

फळ्यावर लिहिलं: दहा हजार रुपये कर्ज, वर्षाची मुदत, व्याज १२ टक्के, फेड दरमहा. एका मुलीच्या आईनं घेतलेलं कर्ज असंच होतं. देणाऱ्यानं सांगितलं होतं, 'बाराच टक्के, बँकेसारखे'. हिशेब त्याचा सरळ होता. दहा हजारांचे १२ टक्के म्हणजे १,२०० रुपये. एकूण ११,२०० भागिले बारा. हप्ता ९३३ रुपये ३३ पैसे. यात खोट कुठे आहे ते तोंडी सांगून कुणाला कळत नाही. मी सांगितलं, बारा ओळी आखा. दर महिन्याला मुद्दल किती फिटलं, किती उरलं, आणि उरलेल्यावर महिन्याला एक टक्का व्याज किती होतं ते सूत्रानं काढा.

पहिल्या महिन्यात १०० रुपये. दुसऱ्यात ९१ रुपये ६७ पैसे. असं उतरत उतरत बाराव्या महिन्यात ८ रुपये ३३ पैसे. खाली बेरीज केली तर व्याज झालं ६५० रुपये. घेतलं होतं १,२००. वर्गात एकदम गलका झाला. एकजण म्हणाली, मॅडम, शेवटच्या महिन्यात आईकडे ८३३ रुपयेच राहिले होते, त्याच्यावर तिनं शंभर रुपये व्याज भरलं? हो, भरलं. पूर्ण दहा हजारांवर वर्षभर व्याज, आणि पैसे मात्र महिन्या-महिन्याला परत चाललेले. मग 'रेट' नावाचं फंक्शन आहे, त्यात बारा हप्ते, हप्त्याची रक्कम आणि हातात आलेली रक्कम घातली. महिन्याचा दर आला, त्याला बारानं गुणलं. वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के.

मग त्या मुलीला आठवलं की, आईच्या हातात दहा हजार नव्हते आले. दोनशे रुपये 'फॉर्मचे' आधीच कापले होते. आता गंमत बघा. सबंध तक्ता तसाच ठेवायचा, एका खान्यात १०,००० च्या जागी ९,८०० लिहायचं. दर गेला २५ टक्क्यांच्या वर. 'हे असं बदललं तर काय होईल' म्हणतात ते हे. त्या दिवशी कुणाला मेनू पाठ करायला सांगावं लागलं नाही.

याच उदाहरणात डॉलरची खूणही शिकवून होते. सूत्र खाली ओढलं की खान्यांचे पत्ते आपोआप सरकतात, पण व्याजाचा दर एकाच खान्यात असतो, त्याचा पत्ता सरकून चालत नाही. तिथे डॉलरची खूण घालायची. परीक्षेत यावर चार-पाच मार्कांची टीप येते आणि मुली ती घोकतात. मी सांगते, बाकीची गुरं चरायला सोडा, पण ही गाय खुंटीला बांधा. खुंटी म्हणजे डॉलर. पुन्हा घोकावं लागत नाही. आणि यातून माझा एक नियम निघाला: दर, भाव, मजुरी हे कधीही सूत्राच्या पोटात लिहायचे नाहीत, वर वेगळ्या खान्यात, नाव देऊन, सगळ्यांना दिसतील असे लिहायचे.

हा नियम नुसता टापटिपीचा नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका पॅकिंगच्या कारखान्यात ऑफिसात लागली. काम हजेरी भरायचं. पगाराची शीट तिच्या आधीपासूनची. एक दिवस तिनं सवयीनं वरच्या पट्टीत बघितलं. काम सगळ्यांचं 'पॅकिंग' असंच लिहिलेलं, पण पुरुषांच्या ओळीत हजेरी गुणिले ५२० आणि बायकांच्या ओळीत हजेरी गुणिले ४४०. आकडे सूत्राच्या पोटात. छापलेल्या कागदावर दर कुठेच दिसत नव्हता, फक्त एकूण पगार. हजेरी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे नुसत्या पगारावरून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. तिनं अकौंटंटला विचारलं. तो म्हणाला, ते पहिल्यापासून तसंच आहे, तू हजेरी भर. पुढच्या महिन्यात शीटला पासवर्ड लागला.

समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. तो बी.कॉम.च्या पुस्तकात आहे, मुली त्यावर टीप लिहितात. पण समान मोबदल्याचा नियम मोडला कुठे जातो, तर अशा एका खान्याच्या मागे. त्या मुलीनं पॅकिंगच्या बायकांना सांगितलं. अकराजणी मिळून मालकाकडे गेल्या. तीस रुपये वाढले; ऐंशी वाढायला हवे होते. मुलीनं सहा महिन्यांनी ती नोकरी सोडली, तिला तिथं राहणं अवघड केलं गेलं. हे मी यशाची गोष्ट म्हणून सांगत नाही. तिला सूत्र वाचता येत होतं म्हणून निदान भांडण कशाबद्दल करायचं ते त्या बायकांना कळलं, एवढंच.

दुसरा पाठ मी घेते तो सरासरीचा. वर्गात प्रत्येकानं काल घरकामाला किती मिनिटं दिली ते लिहायचं: स्वयंपाक, भांडी, पाणी, धुणं. मुली पटापट लिहितात. दहा मुलांच्या एका रांगेत तिघांनी लिहिलं, साठ, नव्वद, तीस. सात जणांनी खाना रिकामा ठेवला. सरासरीचं फंक्शन लावलं, उत्तर आलं साठ मिनिटं. मुलं खूश. मी म्हटलं, रिकाम्या खान्यात शून्य घाला. उत्तर आलं अठरा.

यंत्र चुकलेलं नाही. सरासरी काढताना ते रिकामा खाना मोजतच नाही, शून्य मात्र मोजतं. साठ ही काम करणाऱ्या तिघांची सरासरी, अठरा ही सगळ्या दहांची. कुठली सांगायची, हे ठरवणारा माणूस यंत्राच्या बाहेर बसलेला असतो.

हा खेळ वाटत असेल तर सरकारी आकडे घ्या. आपल्या देशात २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी झाली. सहा वर्षांवरच्या माणसांत, बिनमोबदल्याच्या घरकामाला बाईनं दिवसाला २९९ मिनिटं दिली आणि पुरुषानं ९७. हे आकडे वर्तमानपत्रांत बरेच छापून आले. तिप्पट, असं सगळे म्हणाले. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. केलेल्या बाया होत्या १०० पैकी ८१.२, पुरुष २६.१. मुलींना हा गुणाकार करायला लावला. सगळ्या बायांवर वाटलं तर २४३ मिनिटं, सगळ्या पुरुषांवर २५. आता तिप्पट राहत नाही, जवळजवळ दहापट होतं. दोन्ही आकडे खरे, दोन्ही त्याच पाहणीतले. २०२४ च्या पाहणीत काम केलेल्यांची मिनिटं आली २८९ आणि ८८. तिथंही हाच गुणाकार करून बघावा लागतो. बायकांच्या कामाबद्दल भाषणं मीही पुष्कळ ऐकली आहेत. पण आपल्या हातानं शून्य घातल्यावर साठाचे अठरा होताना बघणं मुलांनाही विसरता येत नाही. एक मुलगा तासानंतर येऊन म्हणाला, मॅडम, माझा खाना पुढच्या वेळी भरतो. भरला की नाही, मला माहीत नाही.

आपल्या मुलींना वाटतं की, मोठ्या माणसांनी केलेले तक्ते बरोबरच असणार. त्यांना मी एक परदेशी हकीकत सांगते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलं की, देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा सरासरी दर शून्याच्याही खाली जातो, उणे ०.१ टक्का. सरकारी खर्च कापायला हवा म्हणणाऱ्यांनी हा आकडा ठिकठिकाणी पुढे केला. मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्ट विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ होता, कुठलातरी प्रसिद्ध निबंध घेऊन त्याचे आकडे स्वतः पुन्हा काढून बघायचे. त्याचे जुळेनात. त्यानं लेखकांकडे मूळ फाईल मागितली, त्यांनी ती दिली. सूत्र वीस देशांऐवजी पंधराच ओळींवर लावलेलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. त्याहून मोठा फरक पडला होता काही वर्षांची माहिती गाळल्यामुळे आणि कुठल्या देशाला किती वजन द्यायचं या निवडीमुळे. त्यानं आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ साली नवा हिशेब मांडला: उणे ०.१ नव्हे, अधिक २.२ टक्के. सरकारी खर्चाची कापाकापी होते तेव्हा रेशन, दवाखाना, पाळणाघर यांतलं काय जातं आणि ते काम कुणाच्या अंगावर येतं, हे या सभेत सांगायची गरज नाही.

या गोष्टीत मला सगळ्यात आवडतो तो गृहपाठ. आपल्या कुठल्या वर्गात असा गृहपाठ देतात? 'छापून आलेला तक्ता पुन्हा करून बघा, जुळला नाही तर लिहिणाऱ्याला पत्र लिहा.' आपल्या मुलींना तर साधं 'सर, फाईल बघायला मिळेल का' हे वाक्यही म्हणता येत नाही. म्हणून मी ते वर्गात म्हणायला लावते, मोठ्यानं, एकेकीला. हसतात, पण म्हणतात.

माझ्या या शिकवण्यावर आक्षेप आहेत, आणि ते सगळेच खोटे नाहीत. पहिला आक्षेप, मुलींना नोकरी हवी आहे, तुमचे प्रश्न नकोत. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आणि टॅली येणं यावर तालुक्याच्या गावी नोकरी मिळते, हे खरं आहे. मी माझ्या मुलींना दोन्ही करायला सांगते. पण नुसत्या नोंदी भरण्याच्या कामाचं काय होणार ते दिसतंच आहे. बिलावरून आकडे उचलायला आता यंत्रंच येत आहेत, साध्या भाषेत सांगितलं तर सूत्रही यंत्र लिहून देतं. मग माणसाकडे राहतं काय? विचारायचं काय ते ठरवणं, आणि आलेलं उत्तर बरोबर आहे का ते तपासणं. म्हणजे जे आपण मुलींना शिकवत नाही तेच. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. अभ्यासक्रमात सरासरीचं फंक्शन आहे, कर्जाचा हप्ता आहे, डॉलरची खूण आहे. उदाहरण कुठलं घ्यायचं ते कुणी लिहून दिलेलं नाही. तिसरा आक्षेप यंत्रांच्या तुटवड्याचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. फोनवर फुकट स्प्रेडशीट मिळते आणि मुली त्यावर सराव करतात, पण घरातला फोन भावाच्या खिशात असतो. यावर माझ्याकडे तोडगा नाही. लॅबची किल्ली दुपारच्या सुट्टीत मी माझ्याकडे ठेवते, एवढंच करता आलं आहे.

जूनमध्ये नवीन बॅच सुरू होईल. इथं बचत गटांचं काम करणाऱ्या ज्या आहेत त्यांना माझं एक मागणं आहे. गटातल्या बायांची कर्जाची पासबुकं, हप्त्यांची कार्डं, त्यांच्या परवानगीनं झेरॉक्स करून, नावं आणि नंबर काळे करून आम्हाला द्या. हातात खरोखर किती रक्कम आली आणि आधी किती कापली, ते विचारून पेन्सिलीनं कडेला लिहा, कारण ते कार्डावर नसतं. मुली त्यांचे तक्ते करतील, खरा दर काढतील, आणि सप्टेंबरमध्ये तुमच्या बैठकीत येऊन समजावून सांगतील. सांगायला मुलीच येतील. बैठक मात्र दुपारी ठेवा, शेवटची बस साडेपाचची आहे.